एजंट शोधण्याआधी वही उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार जणांचा बँड, तीन वर्षं सगळे कार्यक्रम स्वतःच ठरवताय, फोन आणि मेलच्या रामरगाड्यात रियाजाचा वेळ जातोय, म्हणून आता चांगला बुकिंग एजंट हवाय. तो कुठे शोधायचा, आणि समोरचा माणूस कामाचा आहे की नुसता गोडबोल्या, हे ओळखायचं कसं?

मी 22 वर्षं बेस गिटार वाजवते. पहिली 8 वर्षं एजंट नव्हता, पुढे तीन झाले. एकाने आम्हाला उभं केलं, दुसऱ्याने नुसतं यादीत ठेवलं आणि तिसऱ्याकडे आमचे पैसे अडकले. खाली जे लिहितेय ते बरंचसं या तिघांकडून शिकलेलं आहे.

आधी तुमच्या कारणाबद्दल. ‘वेळ जातो’ हे एजंट शोधण्याचं कारण नव्हे. एजंट तुमची कारकुनी करायला येत नाही, तो तुम्हाला विकायला येतो. त्याला मिळतात मानधनाचे 10 ते 15 टक्के, कुठे कुठे 20. तुमचं आजचं मानधनच इतकं असेल की त्याच्या 10 टक्क्यांत दोन तासांच्या फोनाफोनीचीही भरपाई होत नाही, तर माणूस कितीही भला असो, तुमचा फोन तो दिवसातला शेवटचा म्हणूनच करणार. यात तुमचा अपमान नाही, त्याचं पोट आहे. खरोखर वेळेचीच अडचण असेल तर चौघांतल्या एकाला हे काम द्या आणि त्याबद्दल सामायिक पैशांतून त्याला ते 10 टक्के द्या. आमच्याकडे ड्रमरने चार वर्षं हे केलं. फुकट करत होता तेव्हा वैतागायचा, टक्के मिळायला लागल्यावर वैताग निम्मा झाला.

तुमच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट खटकली. बँड कसा वाजवतो, कुठल्या प्रकारचं वाजवतो, किती गाणी झाली, सगळं आहे. तिकिटं किती खपतात याचा एकही आकडा नाही. एजंट पहिल्यांदा तेच विचारेल.

म्हणून एक वही करा. संगणकावर करा हवं तर, पण करा. माझी अजून कागदाची आहे, निळ्या पुठ्ठ्याची, सहावी. एका ओळीत एक कार्यक्रम: तारीख, ठिकाण, जागा किती माणसांची, तिकीट केवढ्याचं, खपली किती, फुकट पासवर किती आले, हातात किती पडले, आयोजक कोण, आणि शेवटच्या रकान्यात ‘पुन्हा बोलावलं का’. पास आणि विकलेली तिकिटं एकत्र करू नका, नाहीतर पुढे स्वतःचीच फसगत होते. माझ्या जुन्या वहीतल्या एका ठिकाणच्या तिकीटविक्रीच्या लागोपाठ तीन नोंदी अशा आहेत: 40, पाच महिन्यांनी 75, पुढच्या वर्षी 130. माझ्या पहिल्या एजंटने माझ्या मेलांमधलं बाकी काहीही धड वाचलं नव्हतं, हे त्यानेच नंतर सांगितलं. त्याने ते तीन आकडे वाचले. 130 ही काही मोठी गर्दी नव्हे, पण त्याच गावातली तीच माणसं आणखी माणसं घेऊन येतायत, एवढं त्याला त्यातून कळलं. ऑनलाइन ऐकणाऱ्यांचे लाखांतले आकडे दाखवले तर एजंट मान डोलावतो खरा, पण घरी बसून ऐकणारा आणि रात्री पावसात बाहेर पडून तिकीट काढणारा हे एकच नसतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हा माणूस नेमकं काय करतो तेही स्पष्ट असू द्या, कारण बरेच जण मॅनेजर, आयोजक आणि एजंट यांची खिचडी करतात. मॅनेजर तुमच्या सगळ्या कारकिर्दीचा विचार करतो आणि साधारण 15 ते 20 टक्के घेतो. आयोजक स्वतःचा पैसा लावून कार्यक्रम करतो, तोटा झाला तर त्याचा. एजंट मधला: तारखा मिळवणं, मानधन ठरवणं, करार करणं आणि दौऱ्याचा रस्ता आखणं, एवढंच त्याचं काम. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात तर कलाकाराला काम मिळवून देण्यासाठी टॅलेंट एजन्सीज अ‍ॅक्टखाली परवाना लागतो आणि परवाना नसलेल्या मॅनेजरने कार्यक्रम ठरवले म्हणून त्याचे टक्के बुडाल्याचे खटले तिथे झाले आहेत. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम एकदा पाहून घ्या. नसेलच नियम, तर कोण काय करणार हे आपसात लिहून ठेवा.

आता शोधायचा कुठे. ‘नामवंत एजंट’ अशी यादी काढून शंभर जणांना एकच मेल पाठवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग. मीही तो केला आहे, 64 मेल, उत्तरं दोन, दोन्ही नकाराची. त्यापेक्षा तुमच्याहून एकच पायरी वर असलेले बँड बघा. तुमच्याकडे 100 लोक येत असतील तर 250–300 खेचणारे, साधारण तुमच्याच धाटणीचे. त्यांच्या संकेतस्थळावर बुकिंगसाठी कुणाचं नाव आहे? त्यांच्या आधी वाजवायची संधी मिळाली तर सोडू नका, कारण स्वतःच्या बँडचा कार्यक्रम बघायला एजंट आलेला असतो आणि तेव्हा तो कामाच्या घाईत नसतो.

पण सगळ्यात खरी माहिती एजंटांकडून किंवा बँडकडून मिळत नाही. ती मिळते आयोजकांकडून. ज्या आयोजकांनी तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावलं त्यांना गाठा आणि एकच विचारा: कोणाचा फोन आला की तुम्ही हातातलं काम ठेवून उचलता? आणि पाठोपाठ: कोणाचा फोन आला की तो वाजू देता? दोन-चार आयोजकांकडून एकच नाव आलं की समजा, तिथे जायचं. एजंटकडे विकायला तुमचं संगीत असतं, पण आयोजक विकत घेतो त्या एजंटचा शब्द. फ्रँक बार्सालोना या माणसाने 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रीमियर टॅलेंट ही रॉक बँडसाठीची एजन्सी काढली, तेव्हा जुन्या एजन्सींच्या लेखी हे संगीत म्हणजे चार दिवसांचं खूळ होतं. त्याने गावोगावचे तरुण, नवखे आयोजक हाताशी धरले आणि बँड मोठे झाल्यावरही तारखा त्यांनाच दिल्या. आयोजक टिकले, म्हणून त्याच्या नव्या बँडनाही दारं उघडत गेली. आजही एजंटची ताकद मोजायची ती याच मापाने.

संगीत मेळे हाही एक रस्ता आहे. ऑस्टिनचा साऊथ बाय साऊथवेस्ट 1987 पासून, जगभरच्या लोकसंगीतासाठीचा वोमेक्स 1994 पासून, ब्रायटनचा द ग्रेट एस्केप 2006 पासून भरतो. दर जानेवारीत नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगेनला युरोसॉनिक असतो. तिथे एजंट आणि महोत्सवांचे निवडकर्ते घोळक्याने येतात हे खरं. पण आधी भेटी न ठरवता, नुसतं ‘कुणीतरी बघेल’ म्हणून स्वतःच्या खर्चाने जाऊ नका. आम्ही गेलो होतो. दुपारी सव्वाचारला अकरा जणांसमोर वाजवलं, त्यातले तिघे पुढच्या बँडचे होते.

मेल लिहाल तो सहा-सात ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. साधारण असा: ‘आम्ही चौघं, अमुक प्रकारचं संगीत करतो. गेल्या 14 महिन्यांत 3 शहरांत 9 कार्यक्रम केले. शेवटच्या तिन्हींची तिकीटविक्री 120, 95 आणि 140. आतापर्यंत तारखा आम्हीच ठरवतो, सोबत तक्ता जोडला आहे. तुम्ही ज्यांचं काम बघता त्या अमक्या बँडचे श्रोते आमच्याकडेही येतात. येत्या 12 तारखेला तुमच्या शहरात वाजवतोय, दारावर तुमचं नाव ठेवतो.’ आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाचा एक व्हिडिओ. एकच. सजवलेला नको. एका कॅमेऱ्याने मागून घेतलेला, ज्यात लोकांची डोकी दिसतात आणि त्यांचा आवाज ऐकू येतो, तो दे दणादण संकलन केलेल्या व्हिडिओपेक्षा जास्त काम करतो.

समजा, कुणी भेटायला तयार झाला. इथे बहुतेक जण एवढे हरखलेले असतात की फक्त उत्तरं देतात. तुम्ही विचारा. तुमच्याकडे किती बँड आहेत आणि त्यांच्यासाठी फोन करणारी माणसं किती? आमचा दुसरा एजंट मोठ्या एजन्सीतला होता, भिंतीवर नामांकितांचे फोटो. 60च्या वर बँड आणि प्रत्यक्ष तारखा लावणारी तीन माणसं. 14 महिन्यांत 5 तारखा झाल्या आणि पाचही आयोजकांनी आधी आम्हालाच विचारलं होतं. आम्ही त्यांना एजंटकडे पाठवलं आणि वर 15 टक्के दिले! त्याने फसवलं नाही. तो त्याच्या मोठ्या बँडांत बुडालेला होता, आम्ही शोभेला होतो.

दुसरा प्रश्न: पुढचे सहा महिने आम्हाला कुठे वाजवायला लावाल, आणि कुठे लावणार नाही? दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर नीट ऐका. ज्याला सगळंच शक्य वाटतं त्याने तुमच्याबद्दल विचार केलेला नाही. पहिल्या एजंटने आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की राहत्या शहरात चार महिन्यांतून एकदाच, त्याहून जास्त नाही. आणि आम्ही 400 माणसांच्या सभागृहासाठी हट्ट धरला तेव्हा त्याने 150 चं ठरवलं. आम्ही आठवडाभर धुसफुसत होतो. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तिकिटं संपली, बाहेर लोक विचारत राहिले, आणि त्या एका गोष्टीवर त्याने पुढची तारीख दुप्पट पैशांत लावली. 400 च्या हॉलमध्ये तेच दीडशे लोक म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा कार्यक्रम झाला असता.

आता पैसे. इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात. कमिशन कशावर, हे आधी विचारा: एकूण रकमेवर की खर्च वजा जाता? चलन कुठलंही धरा. मानधन 50,000, प्रवास आणि मुक्काम 18,000. एजंटने 15 टक्के एकूण रकमेवर घेतले तर त्याचे 7,500, तुम्हा चौघांना उरतात 24,500, म्हणजे प्रत्येकी 6,125. खर्च वजा करून घेतले तर त्याचे 4,800 आणि तुम्हाला प्रत्येकी 6,800. एकूण रकमेवर कमिशन ही धंद्यातली सर्रास रीत आहे, त्यात लबाडी नाही. मात्र आयोजक प्रवासखर्च, ध्वनियंत्रणेचं भाडं असं वेगळं देत असेल तर त्यावर कमिशन लागू नये, एवढं तरी मिळवा. मॅनेजरही असेल तर दोघांचे टक्के एकाच रकमेवर बसतात, हेही गणितात धरा.

मग हमी आणि वाटा. पुष्कळ सौदे असे होतात: 20,000 ची हमी, किंवा तिकिटांच्या पैशांतून खर्च जाऊन उरेल त्याचे 80 टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. समजा 200 ची 300 तिकिटं गेली. जमा 60,000. आयोजकाचा खर्च 25,000. उरले 35,000, त्याचे 80 टक्के 28,000. हे तुमचे. आता आयोजकाने खर्च 36,000 दाखवला तर उरतात 24,000, त्याचे 80 टक्के 19,200, म्हणजे हमीपेक्षा कमी, आणि तुम्ही 20,000 घेऊन, वर आभार मानून घरी जाता. कागदावरच्या एका आकड्याने 8,000 गेले.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. एका रात्री कार्यक्रम संपल्यावर हिशेबाला मी एकटीच बसले होते, सभागृहामागच्या खोलीत, खुर्च्यांच्या उतरंडीशेजारी. आयोजकाने पुढे केलेल्या कागदावर ‘पोस्टर’ अशी एक ओळ होती आणि सहा ओळी खाली ‘प्रसिद्धी’. रकमा जवळजवळ सारख्या. मला शंका आली, पण बोलायचा धीर होईना. बारा चाळीसला एजंटला फोन लावला. त्याने दुसऱ्या घंटेला उचलला. मी दोन ओळी वाचून दाखवल्यावर म्हणाला, ‘त्यांना फोन दे.’ त्याच्याकडे सौदा ठरला त्या आठवड्यातच मागवून घेतलेला खर्चाचा अंदाज होता, त्यात पोस्टरची ओळ होती, प्रसिद्धीची नव्हती. आयोजकाने काही न बोलता पेन्सिलने ती ओळ खोडली. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, आणि त्याच आयोजकाकडे आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा वाजवलं. खर्चाचा तक्ता आधीच मागवणारा आणि मध्यरात्री फोन उचलणारा, असा एजंट मिळाला तर त्याचे 15 टक्के मनात हिशेब न करता द्या.

उलट ज्यांच्यापासून लांब राहायचं ते ओळखणं सोपं आहे. सुरुवातीलाच ‘नोंदणी’, ‘प्रोफाइल’, ‘प्रसिद्धी पॅकेज’ म्हणून पैसे मागणारा एजंट नव्हे, त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच आहात. आयोजकाशी झालेला करार दाखवायला काचकूच करणारा बहुधा वरचा मलिदा खातोय: आयोजकाकडून एक आकडा, तुम्हाला सांगायला दुसरा, आणि त्यावर पुन्हा कमिशन. प्रत्येक कार्यक्रमाचा करार आम्हाला दिसेल, ही अट पहिल्या दिवशी घाला.

तिसऱ्या एजंटची गोष्ट यातलीच, पण जरा वेगळी. माणूस छोटा, उत्साही, तारखाही आणायचा. आयोजक मानधनाची निम्मी रक्कम आगाऊ देतात आणि ती अनेकदा एजंटच्या खात्यात राहते, ही नेहमीची पद्धत. याच्याकडे आमचे पैसे आणि ऑफिसचं भाडं एकाच खात्यात होते. एक महोत्सव आयोजकांनीच रद्द केला. करारानुसार आगाऊ रक्कम आमची होती, पण खात्यात ती नव्हतीच. तीन महिने ‘पुढच्या सोमवारी’ ऐकलं. अर्धे मिळाले, अर्ध्यांवर पाणी. ब्रिटनमध्ये 2003 च्या नियमांनी कलाकारांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन एजन्सींवर घातलं, ते उगाच नाही. तेव्हा आगाऊ रक्कम कुठल्या खात्यात राहील आणि कार्यक्रमानंतर किती दिवसांत आमच्याकडे येईल, हे लेखी घ्या. विचारल्यावर राग आला तर तेही उत्तरच.

करारातल्या बाकी गोष्टी भराभर सांगते. ‘फक्त आमच्यामार्फतच’ ही अट बहुतेक जण घालतात. 1924 मध्ये शिकागोत ज्यूल्स स्टाइन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने म्युझिक कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका काढून बँडच्या एकेका रात्रीच्या तारखा विकायला सुरुवात केली, तेव्हापासून या अटीवर एजन्सी मोठ्या झाल्या. अट वाईट नाही, पण तिला प्रदेशाची आणि मुदतीची कुंपणं हवीत: अमुक देशांपुरती, एका वर्षापुरती. मोठ्या एजन्सीशी करार असेल तर ज्या व्यक्तीवर विश्वास ठेवून गेलात ती सोडून गेली की तुम्हीही मोकळे, असं कलम घाला. वेगळे झाल्यावर आधी ठरलेल्या तारखांचं कमिशन त्याचं, ते न्याय्य आहे. त्याच आयोजकाने पुढे कधीही बोलावलं तरी त्याचं, हे मात्र मान्य करू नका, फार तर सहा महिने. आणि महोत्सव अनेकदा ‘आसपास अमुक अंतरात, अमुक दिवस वाजवायचं नाही’ अशी अट घालतात. ती सही करण्याआधी तुम्हाला सांगितली गेली पाहिजे, नाहीतर शेजारच्या गावातली तुम्हीच ठरवलेली छोटी तारीख मोडावी लागते. पुष्कळ चांगले एजंट तोंडी शब्दावरच काम करतात. चालेल, पण बोलणं झालं त्या संध्याकाळी ‘आपलं असं ठरलं’ म्हणून एक मेल टाकून ठेवा.

सही करण्याआधी आजमावून बघायची सोयीची पद्धत म्हणजे एका भागातल्या तीन-चार तारखा द्यायच्या, तेवढ्यापुरत्या. तारखांचा क्रम बघा. एका रात्री पश्चिमेला, दुसऱ्या रात्री पाचशे किलोमीटर पूर्वेला आणि तिसऱ्या रात्री परत पश्चिमेला असा दौरा आखणाऱ्याने नकाशा उघडलेलाच नसतो.

तुमच्याकडूनही काही लागतं. सभागृहं एका तारखेवर दोन-तीन बँडांना क्रमाने होल्ड देतात, म्हणजे तारीख तात्पुरती राखून ठेवतात. पहिला होल्ड तुमचा असेल आणि दुसऱ्या कुणी पक्की मागणी केली तर उत्तर द्यायला बहुधा एखादाच दिवस मिळतो. अशा वेळी एजंटचा फोन आला आणि कीबोर्डवाला ‘घरी विचारून परवा सांगतो’ म्हणाला, की तारीख गेली. दोनदा असं झालं की तो फोन करणं बंद करतो, कारण न सांगता. त्याच्या पाठीमागे परस्पर सुपाऱ्या घेणंही लपत नाही, आयोजक एकमेकांशी बोलतात.

मेलला उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यानंतर नुसती आठवण नको, नवा आकडा झाला की तोच कळवा. पहिल्या एजंटला मी सात महिन्यांत चार मेल पाठवले होते. पहिल्या तिन्हींवर शांतता. चौथ्यात फक्त त्या 130 ची नोंद आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख होती. उत्तर एका ओळीचं आलं, खाली नावसुद्धा नाही: ‘शनिवारी किती वाजता सुरू करताय?’